वेळ्ळि रायर

सेतुराव संगणक सुरू करण्याआधी त्याला विचारत, "जेवलास कीं नाहीं?" पडदा उजळला की स्वतःच उत्तर देत, "जेवला." मगच खुर्ची ओढत.

कुंभकोणमला जुनी माणसं आजही त्यांना 'वेळ्ळि रायर' म्हणतात. रायर म्हणजे आम्ही मराठी लोक. वेळ्ळि म्हणजे चांदी. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, हा कोणी चांदीसारखा माणूस असणार. पण तमिळमध्ये शुक्रवारालाही वेळ्ळि म्हणतात. ते नाव मी ठेवलं, टिंगल म्हणून. सेतुराव गेले. माझंही आता फार उरलेलं नाही. तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रेशमी साड्यांच्या एका लहानशा सहकारी संस्थेचा सेक्रेटरी होतो आणि सेतुराव जवळच्या दारासुरमला टायपिंगचे वर्ग चालवत. संस्थेला संगणक हवे होते चार, ऐपत होती एकाची. सेतुरावांनी मद्रासच्या जुन्या बाजारातून भंगारातली तीन यंत्रं उचलून आणली. त्यांना डिस्कच नव्हती. मग चौथ्या, चांगल्या यंत्रात मोठी डिस्क बसवली, तिचे भाग पाडले आणि एकच तार चौघांतून ओवली. प्रत्येक यंत्राला वाटावं, आपला संसार स्वतंत्र आहे.

"चूल एक, पानें चार," ते मला आमच्या जुन्या मराठीत सांगत. "वाढणारा नीट पाहिजे, इतकेंच."

सगळं छान चाललं. फक्त दर शुक्रवारी सकाळी ती तिन्ही यंत्रं मुकी होत. निरोप गेला की सेतुराव वर्ग आटोपून टाउन बसने दुपारी येत. तोवर सगळं आपोआप सुरू झालेलं असे. त्यांनी तार बदलली, कार्डं बदलली, उंदरांवर संशय घेतला.

"काय हो रायर, तुमची यंत्रं शुक्रवारचा उपास धरतात का?" अध्यक्ष म्हणाले. "आता एकदा जरी बंद पडली तरी सगळं भंगारात परत!"

"यंत्रं धरोत उपास," सेतुराव म्हणाले. "मी पिच्छा नाही सोडणार."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी वर्गच बंद ठेवला, पहिल्या बसने आले आणि मला घरून ओढत ऑफिसात नेलं. मागच्या पडवीत झाडलोट करणाऱ्या कामाक्षीअम्मा समया चिंचेने घासत बसल्या होत्या. त्यांच्या हातात तारेच्या टोकाची चकचकीत धातूची टोपी होती. ती टोपी नसली तर तारेतला संदेश टोकावर आपटून मागे फिरतो आणि सगळी तारच निकामी होते. तारेचं ते टोक नेमकं देवाच्या फळीखाली होतं.

"देवाजवळचं पितळ शुक्रवारी काळं कसं ठेवायचं?" अम्मा म्हणाल्या. "वाळलं की दुपारी लावतेच की मी!"

मी तोंड उघडणार, तोच सेतुरावांनी माझा दंड दाबला. टोपी धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी जागच्या जागी बसवली. अध्यक्षांना म्हणाले, "मीच सैल बसवली होती. चूक माझी." अध्यक्ष पोट धरून हसले. मीही हसलो, आणि चहाच्या वेळी शुक्रवारचा म्हणून 'वेळ्ळि रायर' हे नाव ठेवून दिलं. गावाने उचललं.

"अम्मांचं नांव कां नाहीं सांगितलंत?" बस स्टँडवर मी विचारलं.

"सांगून तिची नोकरी घालवूं?" त्यांनी समोरची बस जाऊ दिली. मग म्हणाले, "इतकीं वर्षें यंत्रें जोडितों. चालतें काय, इतकेंच लोक पुसतात. माझें काम देवाच्या दिव्यासंगें घासावें, असें कोणास वाटलें?"

त्यांनी खरी टोपी तारेच्या टोकावरच ठेवून तिच्याभोवती बंद डबी बसवली आणि कासाराकडून तशीच पोकळ टोपी घडवून घासण्यासाठी अम्मांच्या स्वाधीन केली. पुढच्या शुक्रवारी चारही यंत्रं सकाळपासून चालू होती. तरी सेतुराव पहिल्या बसने आलेच.

"आता काय बिघडलं, रायरे?" अम्मांनी विचारलं.

"काही नाही." ते पडवीत बसले. कापडी पिशवीतून त्यांनी काजळीने काळी पडलेली एक समई काढली आणि चिंचेसाठी हात पुढे केला.

"घरची आहे," म्हणाले. "बायको गेल्यापासून तशीच होती."