रोहिणीचे रविवारचे गेस्ट

आमच्या बडोद्यातल्या तरसालीच्या सोसायटीत दूधवाला येऊन गेला की दारं उघडतात, ती झोपायच्या वेळेलाच लागतात. मधल्या वेळात कुणी दार वाजवत नाही. "आहे का कोणी?" असं म्हणेपर्यंत माणूस स्वयंपाकघरात पोचलेला असतो. याला अपवाद एकच, समोरच्या मोऱ्यांची सून. आमचं दार सताड उघडं असतं, मी समोरच खुर्चीत पेपर वाचत असतो, आमची नजरानजरही झालेली असते. तरी ती उंबऱ्याबाहेर थांबते, उघड्या दारावर तीनदा टकटक करते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "हाउसकीपिंग!"

मी "येस, कम इन" म्हटल्याशिवाय ती आत येत नाही. एकदा माझ्या तोंडात टूथब्रश होता. कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती मी चूळ भरेपर्यंत दारात उभी होती.

तिचं खरं नाव रोवेना. फिलिपिन्समधल्या एका लहानशा गावाची. आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात ती नऊ वर्षं खोल्या आवरत होती आणि आमचा दिलीप मोरे त्याच हॉटेलात एसी दुरुस्त करत होता. तिथल्या कुठल्या तरी मजल्यावर एसी फारच वरचेवर बिघडायला लागले आणि त्यातून हे लग्न झालं. दिलीपने बडोद्याला परत येऊन मकरपुऱ्यात दुकान टाकलं. दिलीपच्या आई, म्हणजे अख्ख्या सोसायटीच्या आईसाहेब. मोऱ्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज कधीच गेली, पण हुकूम सोडायची सवय आईसाहेबांपर्यंत शाबूत पोचली. त्यांनी सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रोवेना माझ्या तोंडात बसत नाही. आजपासून रोहिणी."

"नो प्रॉब्लेम, मॅडम," रोहिणी म्हणाली.

मराठी ती सासूकडून आणि भाजीवाल्याकडून एकाच वेळी शिकली. त्यामुळे तिच्या बोलण्यात "अगंबाई" आणि "शुं भाव छे" शेजारी शेजारी नांदतात. तिच्या भाषेत म्हणे 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. इतकी सोय सोडून आमच्या भानगडीत कोण पडेल? ती कोणालाही काहीही करून टाकते. "दिलीप आली", "काकू गेला", "पटेलभाई फार छान दिसते". पहिल्या वर्षी दिलीपच्या रावपुऱ्यातल्या आत्याबाईंचा फोन आला. आईसाहेब बाजारात गेल्या होत्या. रोहिणीने फोन उचलून सांगितलं, "सासू गेला." पुढचं "बाजारात" ऐकायला आत्याबाई फोनवर थांबल्याच नाहीत. तासाभरात त्या डोक्यावरून पदर घेऊन, दोन भाचे बरोबर घेऊन, रिक्षातूनच हुंदके देत आल्या. उघड्या दारात आईसाहेबच उभ्या होत्या. त्यांच्या हातात वालपापडीची पिशवी होती. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या, "शेंगा निवडायला हात हवेच होते."

दुसरी गंमत 'पो'ची. मोठ्या माणसाशी बोलताना तिच्या देशात वाक्याच्या शेवटी 'पो' म्हणतात. आपल्या 'अहो-जाहो'सारखंच. हे आम्हाला कुठे ठाऊक? ती पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि अदबीने म्हणाली, "काकू, पो." माझी बायको सुमन लगेच उठली आणि पोहे करून घेऊन आली. पुढे वर्षभर हे असंच चाललं. ती नम्रपणे बोलायची आणि सुमन कढई चढवायची. शेवटी एकदा दिलीपने उलगडा केला. तेव्हा रोहिणी म्हणाली, "मला वाटलं, मराठी घरात रोज पोहेच असते." सुमनला यातलं काही खोडूनही काढता येईना.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र ती कोणाची भीड ठेवत नाही. बोलता बोलता दाराच्या चौकटीवरून बोट फिरवते, बोट डोळ्यांसमोर धरते आणि गप्प बसते. तिच्या त्या गप्प बसण्याने आमच्या मजल्यावरच्या तीन बायकांनी दिवाळी नसताना घरं धुऊन काढली.

तर अशा या रोहिणीने दोन वर्षांपूर्वी आम्हा सगळ्यांना नोकरीला लावलं. बिनपगारी.

झालं असं की तिची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी ग्रेस, हॉटेलचं शिक्षण घेऊन बसली होती. त्यांच्या गावात घरटी एक माणूस परदेशातल्या हॉटेलात नाहीतर जहाजावर. ग्रेसलाही जायचं होतं. शिक्षण उत्तम, इंग्रजी उत्तम. पण मुलाखतीत परीक्षक चिडलेल्या गेस्टचं सोंग घेऊन तिच्यावर ओरडला आणि ग्रेस खुदकन हसली. परीक्षक आणखी ओरडला, ही आणखी हसली. पोरीला घाबरली की हसू येतं, त्याला ती तरी काय करणार? पण नोकरी गेली.

रोहिणीने दुसऱ्याच दिवशी आमच्या दारावर टकटक केली. "काका, रविवारी चार वाजता फ्री आहे? मला रागावलेली गेस्ट पाहिजे."

रविवारी मोऱ्यांच्या हॉलमध्ये फोन एका डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर गोल चेहऱ्याची, केस घट्ट बांधलेली ग्रेस होती. मी रूम नंबर चारशे बारा. माझ्या खोलीत झुरळ निघालं होतं. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणालो, "माफ करा हं, इथे एक झुरळ आहे. पण तसं लहान आहे. सवडीने या."

रोहिणीने कपाळाला हात लावला. "काका, असा गेस्ट जगात नाही. तुम्ही फार चांगली आहे."

मी तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. रागावणं हे वरच्या साहेबांचं काम, आमच्याकडे फक्त ऐकणं होतं. मग आमच्या वरच्या मजल्यावरचे पटेलभाई पुढे सरसावले. त्यांची तक्रार जेवणाची. "कांदा नहीं, लसण नहीं, बटाका पण नहीं!" पण दरडावताना त्यांनाच भूक लागली आणि त्यांनी ग्रेसला खिचडीची कृती सांगायला सुरुवात केली. सुमनला हरवलेल्या बॅगेबद्दल भांडायचं होतं. तिने बॅग बाजूला ठेवली आणि मुलीला विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंय?"

शेवटी आईसाहेब उठल्या. त्या फोनपुढे बसल्या आणि मराठीतच गरजल्या, "दक्षिणेकडे पाय करून झोपवता मला? मेले आहे का मी? उचला तो पलंग! आत्ताच्या आत्ता!"

ग्रेसला एक अक्षरही कळलं नाही. पण तिचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले आणि ती फिस्सकन हसली.

"हसते?" आईसाहेब आणखी पेटल्या. रोहिणी मात्र आनंदाने टाळ्या पिटत होती. "हा! हा गेस्ट खरा!"

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आईसाहेब पातळ बदलून, पदर सारखा करून भांडायला बसायच्या. उशी कडक आहे, पाणी कोमट आहे, शेजारच्या खोलीतला माणूस घोरतो. आठवडाभर त्या तक्रारी जमवायच्या, आणि खरं सांगायचं तर त्या घरात बऱ्याच कमी रागवायला लागल्या. तिकडे ग्रेस शिकत होती. आधी ओठ चावायची, मग मूठ वळायची, मग एक श्वास घेऊन म्हणायची, "मला समजतंय मॅडम, तुम्हाला किती त्रास झालाय." सातव्या की आठव्या रविवारी तिने हे इतकं मनापासून म्हटलं, की आईसाहेबांचा आवाजच उतरला. "बघ बाई," त्या पुटपुटल्या, "समजून घेतं पोर. असू दे तो पलंग तसाच."

पुढच्या मुलाखतीत ग्रेसची निवड झाली. आखातातच, एका मोठ्या हॉटेलात. पटेलभाईंनी सोसायटीत पेढे वाटले. ते असे वाटले, की मुलगी यांचीच.

ती निघणार त्याच्या आदल्या रविवारी आम्ही चार वाजता नेहमीसारखे जमलो. आता कशाची तालीम? फक्त निरोप द्यायचा, असं आम्ही समजत होतो. पण रोहिणी म्हणाली, "आज एक शेवटची प्रॅक्टिस. आज मी बोलणार."

ती फोनपुढे बसली. रविवारी भाचीशी फक्त इंग्रजी बोलायचं, हा तिने स्वतःला घातलेला नियम होता. दिलीप आईसाहेबांच्या कानाशी हळू आवाजात मराठी करून सांगत होता.

"ग्रेस, तू तिथे आहेस. पहिला महिना. दिवसभरात सोळा खोल्या केल्यास. अंगात ताप आहे, पाठ मोडली आहे. आता मी तुझी आई. मी फोन केलाय." रोहिणीने आवाज बदलला. "बाळा, जेवलीस का?"

ग्रेस गोंधळली. "नाही... म्हणजे, हो. थोडं."

"नाही. पुन्हा. 'थोडं' म्हणायचं नाही. काय जेवलीस ते सांगायचं. मासा, भात, सूप. आधीच ठरवून ठेवायचं."

"मासा, भात, सूप."

"खाली बघू नको. कॅमेऱ्यात बघ. आणि फोन घ्यायच्या आधी तोंड धुवायचं. खोलीतून बोलायचं नाही, लॉबीजवळ जायचं. तिथे दिवे छान असतात, चेहरा चांगला दिसतो. आई विचारेल, घरची आठवण येते का? तेव्हा हसायचं."

इतके रविवार ज्या पोरीला आम्ही हसू नकोस म्हणून शिकवलं, तिला आता हसता येईना. ती प्रयत्न करत होती. ओठ पसरायचे आणि परत मिटायचे.

"अगेन," रोहिणी म्हणाली. "डोळेपण हसले पाहिजेत. नाहीतर आईला कळतं. असं." आणि तिने करून दाखवलं. ती छान, मोकळं, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसली.

पटेलभाईंनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला होता. नऊ वर्षं या मुलीने हे असं, रोज, तोंड धुऊन केलं होतं. आम्ही तिला हाउसकीपिंगवाली म्हणून हसत होतो.

आईसाहेबांनी दिलीपचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "रोहिणी."

"हो, आईसाहेब."

"मीही तुला रोज विचारते, बरी आहेस ना. तू अशीच हसतेस."

ते हसू अजून रोहिणीच्या चेहऱ्यावर होतं, फक्त ते आता कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"आज जेवलीस का?"

"हो. वरण, पोळी..."

"ताट मी उचललं. पोळी तशीच होती." आईसाहेब पुढे झाल्या. त्यांचा आवाज रविवारचा नव्हता. "माझ्यासमोर तोंड धुऊन यायची गरज नाही. कळलं?"

रोहिणीने मान हलवली आणि मग ती रडली. हातांनी चेहरा झाकून, लहान मुलीसारखी. लग्न झाल्यापासून ती घरी गेली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात दिलीप तिला दोन महिन्यांसाठी घेऊन गेला. पण त्या दिवशी ते कोणाच्या मनातही नव्हतं. तिकडे पडद्यावर ग्रेसही रडत होती आणि सुमन पदराने नाक पुसत होती.

आईसाहेबांनी फोन हातात घेतला. "ए पोरी, तुझ्या आजीला बोलाव. हिच्या आईला."

दिलीपने सांगितलं. थोड्या वेळाने पडद्यावर एक सुरकुतलेली, बारीक म्हातारी आली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. लग्नानंतरच्या सहा वर्षांत फोनवर नमस्काराच्या पलीकडे त्यांचं बोलणं झालं नव्हतं. बोलणार तरी कुठल्या भाषेत?

आईसाहेब मराठीत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची लेक आज जेवलेली नाही. तुम्हाला उगाच काही सांगेल. मी आता बसवते तिला जेवायला."

मग रोहिणीकडे वळून म्हणाल्या, "सांग. आहे तसं सांग."

रोहिणीने डोळे पुसले आणि तिच्या भाषेत ते सांगितलं. पलीकडची म्हातारी हळूहळू काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?" आईसाहेबांनी विचारलं.

"म्हणते, हिला भात जास्त लागतो. पण ही मागत नाही."

आईसाहेबांनी फोन दिलीपच्या हातात दिला आणि त्या तांदूळ धुवायला उठल्या.