मऊ पोवळ्याचा शाकाहार

समुद्राचा अभ्यास समुद्रापासून जितका लांब बसून करावा, तितका तो निर्मळ होतो. म्हणूनच बासष्टच्या सुमारास समुद्रौषधी संशोधन केंद्र बंगळूरला, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर निघालं. (किनाऱ्यावर लाटांचा आवाज फार, सभेत डोळा लागत नाही.)

तिथले रसायनज्ञ शेषगिरीराव. रामेश्वराकडून बरणीत आलेलं मऊ पोवळं, म्हणजे दगडी पोवळ्याचं बिनहाडाचं भावंड, त्यांनी वर्षानुवर्षं उकळलं, गाळलं आणि चिमूटभर पांढरी पूड काढली. तिनं दहांपैकी नऊ उंदरांच्या पायांची सूज उतरली. (दहावा मांजरानं नेला. याला ‘निष्कर्ष अनिश्चित’ म्हणतात.)

आता माणूस हवा होता, आणि तो घरातच होता. थोरल्या बहिणीचे, सत्यवतीअक्कांचे, गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले; देवळाची पायरी चढणं बंद झालेलं.

“हे झाड का जीव, येवढं सांग,” अक्का म्हणाल्या.

“संशोधन चालू आहे, अक्का.”

“मग चालू दे. जीव असला तर नको. स्वल्प दुखतंय, दुखू दे.”

पोवळं जीवच आहे हे शेषगिरीरावांना ठाऊक होतं. पण सोवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या जिभेला खोटं बोलवेना आणि गुडघे पाहून खरंही सांगवेना. अशा वेळी सज्जन माणूस समिती मागतो.

संचालक दामोदरपंतांनी ती नेमली. पुरावा समोर आला: हा प्रकार जागचा हलत नाही, समोर वाहत येईल तेवढंच गिळतो आणि शेजाऱ्याला चिकटून वसाहत करतो. यावरून तो सरकारी नोकर ठरत होता, पण तसा रकाना नव्हता. अखेर एकमतानं वनस्पती ठरला. (एक सभासद पेंगत होते, त्यांची मान खाली गेली ती होकारात धरली.)

वनस्पती ठरताच उरलेल्या बरण्या नियमाप्रमाणे एका सरकारी बागेत गेल्या. माळ्यानं पोवळं कुंड्यांत लावलं, शेणखत घातलं. ‘वाढ मंद’ असा अहवाल दरमहा येई.

पूड मात्र शेषगिरीरावांकडे राहिली. ठराव ऐकून अक्का म्हणाल्या, “सरी, बरं तर. पण कडू लागलं तर थुंकीन बघ.”

म्हणून शेषगिरीरावांनी ती पूड झकपक तांबड्या कॅप्सुलांत भरली. अक्का रोज एक, तुळशीपत्रासह, गिळू लागल्या. गुडघे उतरले. एके सकाळी उरलेली शेवटची कॅप्सूल गिळून अक्का आपल्या पायांनी देवळात गेल्या. दर्शन होईतो पुडीचा गुण सरला आणि नवी पूड काढायची तर पोवळं कुंडीत. अक्कांना परत जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, आणावं लागलं.

राहता राहिली कॅप्सूल. तिचं ते तांबडं कवच गुराढोरांची हाडं-कातडी उकळून करतात. त्याबद्दल अक्कांनी विचारलं नाही, समितीनं विचारलं नाही. आणि पोवळ्याची एवढी चौकशी चवीनं वाचणाऱ्या वाचकहो, सकाळी जी कॅप्सूल गिळलीत तिच्याबद्दल तुम्हीही नाही.