खालून बघणारे राज्यपाल

माझं लग्न एका स्टुलामुळे जमलं. मनमाडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मुलाकडची मंडळी मला बघायला आली होती. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याचा थोरला भाऊ मात्र बसायला दिलेलं स्टूल उलटं करून त्याचे सांधे अंगठ्याने चाचपत होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर समोर स्टुलाचे चार पाय छताकडे.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," माझे वडील म्हणाले. ते रेल्वेत सुतार होते. काहीतरी चुकलं असं वाटून ते उभेच राहिले.

"खालच्या बाजूनेही रंधा मारलाय. तिथं कोण बघतं?" मग ते भावाकडे वळले. "चंदू, आपल्याकडून होकार."

मला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्याचा राग मला अजून आहे. पण माणूस कशावरून पारखायचा याची त्यांची पद्धत एकदा कळली, की ते पुढे राज्यपाल कसे झाले आणि कसे वागले हे समजायला सोपं जातं, म्हणून स्टुलापासून सुरुवात केली.

माझे हे थोरले दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, कामगार शेठ म्हणतात, आणि मधली काही वर्षं सगळं जग महामहिम म्हणत होतं. नाशिकला सातपूरमध्ये त्यांचा स्प्रिंगांचा कारखाना. ट्रॅक्टरला लागणाऱ्या जाड स्प्रिंगांपासून कुलपात बसणाऱ्या बारीक स्प्रिंगांपर्यंत सगळं आम्ही करतो. भाड्याच्या शेडमध्ये एका मशीनवर त्यांनी सुरुवात केली. माझ्या नवऱ्याला, म्हणजे चंदूला, मशीनच्या आवाजाने डोकं दुखतं, म्हणून तो कॉलेजात इतिहास शिकवतो. कारखान्यात गेले ते मी. आधी खरेदी बघितली, मग प्लॅनिंग, मग हळूहळू सगळंच.

"पॉलिश वर असतं, वेल्डिंग खाली असतं," हे भाऊजींचं आवडतं वाक्य. हॉटेलात गेलं की ते आधी टेबलाखाली वाकणार. वेटरला वाटतं काही पडलंय, तोही वाकतो. लग्नात आहेर म्हणून आलेली भांडी ते नवरा-नवरीसमोर उलटी करतात. एकदा इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत एका पुढाऱ्याच्या हस्ते बाकांचं लोकार्पण होतं. फीत कापायच्या आधी हे गृहस्थ नव्या बाकाखाली उताणे झोपले आणि तिथूनच म्हणाले, "बसू नका, साहेब. बोल्ट नुसते अडकवलेत." पुढारी बसले नाहीत. ठेकेदार मात्र आमच्याशी बरेच दिवस बोलला नाही.

असा माणूस आधी उद्योजकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. मग सरकारी समित्यांवर गेला, आणि तिथेही कागदांच्या खालची बाजू बघत राहिला. दिल्लीत कुणाला तरी ते आवडलं असावं. एके दिवशी फोन आला आणि भाऊजी एका लांबच्या, डोंगराळ राज्याचे राज्यपाल झाले. राज्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

जाण्याआधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीत स्वतः न बसता ते खिडकीपाशी उभे होते.

"कंपनीतून मी पूर्ण बाहेर पडतोय. कागद वकिलांनी केलेत. आता ही तुझी आणि चंदूची. म्हणजे तुझीच. मी काही विचारणार नाही, काही सांगणार नाही."

"आणि परत आल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा," ते म्हणाले आणि निघाले.

हे 'तेव्हाचं तेव्हा' मला पुढची सगळी वर्षं टोचत राहिलं. मी कारखाना चालवायचा, वाढवायचा, आणि एक दिवस ते येऊन खुर्चीत बसणार. किंवा बसणार नाहीत. एका कारखान्यात दोन मालक चालत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

शपथविधीला आम्ही गेलो. राजभवन म्हणजे बघत राहावं असं. शपथेनंतर आम्हाला त्यांचं ऑफिस दाखवायला नेलं. भाऊजींनी त्या कोरीव खुर्चीत बसायच्या आधी ती आडवी केली. गणवेशातला तरुण अधिकारी धावत आला.

"सर, कुछ खो गया?"

"नहीं, मिल गया," भाऊजी म्हणाले. "इसका नट ढीला है. दस-ग्यारह का पाना है क्या?"

एवढ्या मोठ्या राजभवनात पाना नव्हता. पाना हवा तर बांधकाम खात्याला कळवावं लागतं, ते इंजिनिअर पाठवतात, इंजिनिअर माणूस पाठवतो. पुढच्या खेपेला माझ्याकडून त्यांनी नाशिकहून पान्यांचा सेट मागवून घेतला. राजमुद्रेच्या कागदांशेजारी तो ड्रॉवरमध्ये असायचा.

राज्यपालाला अधिकार किती असतात ते मला माहीत नाही. भाऊजी म्हणायचे, "फारसे नाहीत. पण मी कुठेही भेट देऊ शकतो." विद्यापीठांचे ते कुलपती होते. भाषण आटोपलं की म्हणायचे, वर्कशॉप दाखवा. वर्कशॉपमध्ये नवी कोरी लेथ मशीन प्लॅस्टिकखाली झाकलेली असायची.

"हे कव्हर कधी काढलं होतं?"

कोणीतरी घाईने कव्हर ओढायला लागायचं. भाऊजी रागवायचे नाहीत. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या कारखान्याची तपासणी करायला गेलेला माणूस कधी भांडत नाही. तो निघताना पुढच्या भेटीची तारीख सांगून निघतो, आणि खरंच येतो. भाऊजींनी तेच केलं. गाडीत बसताना ते हसून तारीख सांगायचे. पुढच्या वेळी मशीन चालू असायची, आणि एखादी मुलगी तेलकट हातांनी त्यांना स्वतः कातलेला धातूचा तुकडा दाखवायची. ते तुकडे त्यांनी राजभवनाच्या दिवाणखान्यात चांदीच्या फुलदाण्या हलवून मांडून ठेवले होते. पाहुण्यांना ते आधी तेच दाखवायचे. मी बघितलंय, म्हणून सांगते. छाती भरून येते म्हणतात, तसं मला क्वचितच होतं. तेव्हा झालं.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. कंपनीबद्दल विचारायचं नाही हा शब्द ते पाळायचे, पण कसा ते ऐका.

"काय गं सुलभा, सातपूरच्या रस्त्याला शिफ्ट सुटताना गर्दी असते का हल्ली?"

"भाऊजी, सगळे कामावर आहेत, दोन्ही शिफ्ट चालू आहेत."

"मी ते विचारलं नव्हतं." आणि पुढे, "लाइट जाते का फार?"

"गेल्या आठवड्यात गेली होती. माल वेळेवर गेला."

"मालाचं मी म्हटलंच नाही. चंदू कसा आहे?"

एकदाच मी त्यांना अडचणीत टाकलं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या पुरवठादाराकडे जायला निघालं होतं. त्या कंपनीचे संचालक त्याच आठवड्यात राजभवनात एका कार्यक्रमाला येणार होते. मी फोन केला.

"भाऊजी, एक शब्द टाका. निम्म्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे."

ते म्हणाले, "मी शब्द टाकला तर ते तुझी स्प्रिंग तपासणार नाहीत. नुसती ठेवून घेतील. मग ती चांगली होती का, हे तुला कधी कळणार?"

मी फोन ठेवून दिला, निरोपही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत नमुने घेऊन त्या कंपनीच्या तपासणी विभागात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी आमच्या स्प्रिंगा दाबून, ताणून, तोडून बघितल्या. काम आमच्याकडेच राहिलं. रविवारी मी मुद्दाम हवामानाबद्दलच बोलले. शेवटी भाऊजीच म्हणाले, "कळलं मला. त्या संचालकांनीच सांगितलं, नाशिकची एक बाई येऊन बसली होती म्हणून. मी म्हटलं, असेल कोणी."

मुदत संपली. भाऊजी ओझरच्या विमानतळावर उतरले, सत्कार झाले, शाली आल्या. प्रत्येक जण मला एकच विचारत होता, "आता शेठ परत बसणार ना?" कामगारही दबक्या आवाजात तेच बोलत होते. मी तोवर केबिन पाडून तिथे तपासणीची खोली केली होती. चंदूला म्हटलं, तुझे भाऊ आहेत, तू बोल.

"दादाशी मी आजवर बोललोय का काही? तूच बोल," म्हणून तो इतिहासात परत गेला.

मी वाक्यं तयार करून ठेवली. कारखाना तुम्ही उभा केलात, पण आता तो मी चालवते, निर्णय एकाचाच हवा, वगैरे. सोमवारी सकाळी नवा वॉचमन सांगत आला, "मॅडम, एक काका आलेत. कामाचं विचारतायत. बाकावर बसवलंय."

मुलाखतीला आलेली पोरं बसतात त्या बाकावर, त्यांच्या शेजारी, भाऊजी बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. मला ते बरं वाटलं नाही.

"आत चला ना, भाऊजी."

"इथंच विचारतो. काही जागा आहे का?"

"कसली?"

"कसलीही. खुर्ची नको, निर्णय नकोत. नाही म्हणालीस तर घरी जातो. राग नाही."

माझी तयार वाक्यं तशीच राहिली. मी आमच्या नव्या मुलांचा विचार केला. स्प्रिंगची वायर हातात धरायची कशी हे त्यांना कोणी शिकवत नाही.

"ट्रेनी मुलांना शिकवाल? रोज सकाळी, एकपर्यंत. पण त्यांना कामाला कुठे लावायचं ते मी ठरवणार."

"तू ठरव. पण पूर्ण दिवस दे."

"या वयात पूर्ण दिवस कशाला? एकला गाडी सोडेल ना घरी."

जाऊबाई राज्यपालपदाच्या आधीच गेल्या. मुलगी कॅनडात असते. घरी बाई स्वयंपाक करून, झाकून ठेवून जाते. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

भाऊजी बाकाच्या कडेवरून हात फिरवत होते. "जेवणाची सुट्टी एकनंतर असते ना तुमची," ते म्हणाले. "राजभवनात वाढायला चार माणसं होती, सुलभा. बरोबर बसायला कोणी नव्हतं."

माझ्या डोळ्यात पाणीबिणी आलं नाही. मी म्हटलं, "दीडला घंटा होते. हात धुऊन लगेच यायचं. तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही."

"थांबू नका," ते म्हणाले. "फक्त जरा सरकून बसा."