काउंटर तीनची ठासणीची बंदूक

माणसाची खरी ओळख त्याच्या बंदुकीवरून होते, असं मिलर्स गॅप लाँग रायफल मंडळाच्या घटनेचं पहिलं कलम सांगतं. दुसरं कलम संडासाची किल्ली कुणाकडे असावी याबद्दल आहे. गेल्या चाळीस वर्षांत मंडळात जे वाद झाले ते बहुतेक या दुसऱ्या कलमावरून झाले.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात ठासणीच्या बंदुकीला फार मान आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, रंजकदाणीत चिमूटभर दारू घालायची आणि चकमक ठिणगी टाकेल अशी आशा धरून हरणाकडे बघायचं. एवढं होईपर्यंत हरीण शेजारच्या परगण्यात पोचलेलं असतं. नाताळ उलटला की सरकार काही दिवस फक्त चकमकीच्या बंदुकीने शिकार करू देतं. ते दिवस हरणांना विश्रांतीचे जातात.

मंडळाचा नियम असा, की मैदानावर सतराशे नव्व्याण्णवनंतरची एकही वस्तू दिसता कामा नये. विजारीला बटणं हवीत, चष्म्याला लोखंडी काड्या हव्यात. अपवाद दोनच. एक, इतिहासप्रमुख गेलन ब्रुबेकरच्या छातीतला पेसमेकर. दुसरा अपवाद बिअरचा, पण ती घोंगडीखाली ठेवावी लागे.

लोवेल हॉस्टेटर या मंडळात शिरायला तीन वर्षं धडपडत होता. तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर बसे. गावातल्या प्रत्येक माणसाला त्याने कधी ना कधी रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. गेलनला तर त्याने फोटोसाठी बीव्हरच्या कातड्याची टोपी काढायला लावली होती, आणि टोपीखाली काय नाही ते सगळ्या रांगेने पाहिलं होतं. परिणामी गावात लोवेलला कुणी लोवेल म्हणत नसे. 'काउंटर तीन' म्हणत. अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या रविवारच्या नाश्त्याला तो बसला की आजूबाजूच्या खुर्च्यांवर लोकांचे कोट बसत. मंडळाचा सभासद झालो तर कोट उठतील, माणसं बसतील, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाच्या अपेक्षा एवढ्याच उरतात.

पहिल्या वर्षी त्याची बंदूक नापास झाली, कारण तिचा दस्ता प्लास्टिकचा होता. दुसऱ्या वर्षी त्याने मेव्हण्याची बंदूक उसनी आणली. ती पास झाली, पण विजारीला चेन निघाली.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, गावातला ऑरव्हिल लँडिस वारला आणि त्याच्या बायकोने, व्हर्नाबाईंनी, घरासमोरच्या हिरवळीवर त्याचं सामान विकायला मांडलं. केकचे साचे, बर्फ ओढायचं फावडं, आणि त्यांच्या मधोमध एक लांबलचक ठासणीची बंदूक.

"ही कुठली हो?" लोवेलने विचारलं.

"पेटीतून आली होती," व्हर्नाबाई म्हणाल्या. "देशाला दोनशे वर्षं झाली ना, त्या साली. सुटे भाग यायचे, घरी जोडायचे. अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडत बसला होता मेला. डिंकाचा डाग अजून आहे. साचे घेतोस का बरोबर?"

लोवेलने नव्वद डॉलर दिले. साचेही घ्यावे लागले.

घरी येऊन त्याने तिची रीतसर ओळख पटवायला घेतली. आधी गज नळीत सोडून आत जुना बार राहिला नाही ना, ते पाहिलं. मग नळी दस्त्यातून सोडवली. नळीच्या पोटाला, लाकडात लपलेल्या बाजूला, तपासणीचे शिक्के होते. ग्रंथालयातून आणलेल्या जाडजूड पुस्तकात ते जुळवले. स्पेन, एकोणीसशे शहात्तर. व्हर्नाबाईंनी फुकट सांगितलेलीच माहिती होती ती, पण संशोधनाला दोन रात्री लागल्याने लोवेलला ती स्वतःची वाटली.

आता तिला म्हातारी करायची होती. मूळची बंदूक तांब्याच्या इवल्याशा स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणारी, म्हणजे सतराशे नव्व्याण्णवनंतरच्या तऱ्हेची. तो खटका काढून त्याने चकमकीचा बसवला. नळीवर 'फक्त काळी दारू वापरा' अशी इंग्रजी सूचना होती, ती कानशीने घासली, कारण सतराशे नव्वदमध्ये दुसरी दारू नव्हतीच. मग कानस हातात होतीच म्हणून पोटाचे शिक्केही घासले. व्हिनेगर आणि मीठ चोळून नळी कोंबड्यांच्या खुराड्यात टांगली. तांबूस गंज धरल्यावर वर मोहरीच्या सॉसचे ठिपके देऊन डाग पाडले. दस्त्यावर दिव्याची काजळी आणि जवसाचं तेल चोळलं, सायकलची साखळी आपटून टवके उडवले.

"लोणच्याचं व्हिनेगर संपलंय," त्याची बायको डोरीन म्हणाली. "आणि कोंबड्या अंडी देईनात. काय चाललंय तुझं?"

"दोनशे वर्षं भरून काढतोय."

"आपला सोफा बघ. काहीएक न करता दोनशे वर्षांचा दिसतो. त्याला नाही कुणी सभासद करून घेत."

शेवटी नळीवर कारागिराची आद्याक्षरं हवीत, म्हणून त्याने खिळ्याने 'आय' आणि 'एच' कोरले. ही दोनच अक्षरं का, तर दोन्हींत वळण नाही. आपण बंदूक स्वतः घडवली हे तो मंडळाला अभिमानाने सांगणार होता. घटनेत त्याला मनाई नव्हती. मंडळातल्या निम्म्या बंदुका अशाच होत्या.

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी तपासणी झाली. गेलन ब्रुबेकर हरणाच्या कातड्याच्या सदऱ्यात, मेजामागे. त्याने बंदूक उचलली, नळीवरून अंगठा फिरवला आणि थांबला. मग लोखंडी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आय. एच.," तो पुटपुटला. "इसाक हुंसिकर."

"कोण?" खजिनदार मर्ल झूक म्हणाला.

"अरे, कोण काय! सतराशे ब्याण्णवच्या आसपासचा कारागीर. त्याची एकही बंदूक आजवर मिळालेली नाही."

"मग ही त्याचीच कशावरून?"

"एकही मिळालेली नाही, म्हणूनच ही कुणाला ओळखता आली नसती," गेलन म्हणाला. गेलन उठला, मेजाला वळसा घालून आला आणि दोन्ही हातांनी लोवेलचा हात धरला. "लोवेल," तो म्हणाला, "लोवेल, गड्या, कुठे मिळाली ही तुला?"

सांगायची वेळ हीच होती. पण कचेरीबाहेर कुणी लोवेलला नावाने हाक मारल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि आता एकाच वाक्यात दोनदा मारली होती. शिवाय मर्लने स्वतःचा कोट उचलून खुर्ची पुढे केली होती.

"अशीच," लोवेल म्हणाला. "एका घरातून."

मग त्याने विचारलं, "आता पाच गोळ्या मारायच्या ना? सभासदत्वासाठी?"

"हिच्यातून?" गेलन दचकला. "कलम नऊ! अस्सल जुनी बंदूक मैदानावर उडवायची नाही. नळी फुटली तर इतिहास जाईल."

"मग माझं सभासदत्व?"

"बंदूक पास. माणसाचं पुढच्या वर्षी बघू."

त्या दिवशी सगळ्यांनी गोळ्या मारल्या. लोवेलने निशाण्यांचे कागद बदलायचं काम केलं.

नोव्हेंबरात मंडळाच्या पत्रकात चार पानी लेख आला: 'हुंसिकरची हरवलेली बंदूक'. लेखाखाली गेलनचं नाव दोन जागी होतं, एकदा लेखक म्हणून आणि एकदा परगण्याच्या इतिहास समितीचा चिटणीस म्हणून. तीन दिवसांनी व्हर्ना लँडिसबाई काळा कोट घालून मंडळाच्या बैठकीला हजर झाल्या. सप्टेंबरात साचे विकताना त्यांनी फुलाफुलांचा झगा घातला होता.

"माझ्या ऑरव्हिलच्या खापरपणजोबांची बंदूक," त्या म्हणाल्या आणि रुमाल डोळ्यांना लावला. "पिढ्यान्‌पिढ्या घरात होती. नवरा गेल्याला तीन आठवडे झाले नव्हते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि ह्या माणसाने नव्वद डॉलरमध्ये..."

बंदूक घेऊन खास बोलावलेल्या लोवेलकडे मंडळी बघू लागली. मर्लने आपला कोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"अहो बाई," लोवेल म्हणाला, "तुम्हीच नाही का सांगितलंत, पेटीतून आली म्हणून? तुमच्या टेबलावर जोडली! डिंकाचा डाग!"

"डाग मोरंब्याचा आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या.

आता लोवेलपुढे दोन रस्ते होते. बंदूक अस्सल म्हणावी तर विधवेला लुबाडलं. नकली म्हणावी तर मंडळाला फसवलं. त्याने मन घट्ट केलं आणि सगळं सांगून टाकलं. व्हिनेगर, खुराडं, मोहरीचा सॉस, सायकलची साखळी, एकही टवका न वगळता.

मग मर्ल म्हणाला, "एवढी माया आहे का रे बंदुकीची? बाईला परत द्यायला नको म्हणून स्वतःला लबाड म्हणवून घेतोस?"

"अरे पण मीच केलीय ती!"

"तू?" मागून कुणीतरी म्हणालं. "विजारीला बटणं शिवता येत नव्हती तुला."

"नळी सोडवून बघा! पोटाला स्पेनचे शिक्के आहेत, एकोणीसशे..." आणि लोवेल तिथेच थांबला. खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं.

गेलनने शांतपणे नळी सोडवली आणि पोट सगळ्यांना दाखवलं. गुळगुळीत होतं. काम फार सफाईने झालं होतं. आयुष्यात लोवेलने इतकं नीट दुसरं काही केलं नव्हतं.

"हुंसिकर शिक्के मारत नसे," गेलन म्हणाला.

बैठक संपल्यावर गेलनने त्याला बाहेर, गाड्या लावायच्या जागेत गाठलं. "हे बघ, ताणू नकोस," तो म्हणाला. "बंदूक अस्सल आहे आणि आपण ती राजीखुशीने परत केली, असं दोन ओळींत लिहून दे. बाई ती इतिहास समितीला देतील, काचेच्या कपाटात ऑरव्हिलचं नाव लागेल. तू मंडळाचा सभासद. पाच गोळ्यांची अट मी माफ करवतो."

"म्हणजे खरं बोललो म्हणून बाहेर, आणि खोटं लिहून दिलं की आत?"

"असं कशाला म्हणतोस? पेन आहे का तुझ्याकडे?"

लायसन्सच्या कचेरीतल्या माणसाकडे पेन नेहमीच असतं. ते दोरीने बांधलेलं नव्हतं, एवढाच फरक. लोवेलने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

घरी डोरीनने विचारलं, "मग? काय ठरलं?"

"सभासद झालो."

"आणि बंदूक?"

"गेली."

"छान," डोरीन म्हणाली. "साचे राहिले म्हणजे." तिने ताटात डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी वाढला.

डिसेंबरात लोवेलने शेजारच्या गावच्या जुन्या बाजारातून दुसरी बंदूक घेतली आणि तिला काहीही केलं नाही. खटका तेवढा चकमकीचा होता, तो त्याने आधीच पाहून घेतला. नाताळनंतरच्या पहिल्या नेमबाजीला तो बटणांची विजार घालून मैदानावर गेला. मर्लने त्याला नावाने हाक मारली. शेकोटीजवळ जागा दिली. घोंगडीखालून बिअर काढून दिली. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं होतं, आणि बिअर कोमट होती.

लोवेल पुढे जाऊन बंदूक ठासू लागला, तेव्हा गेलन दोन पावलांवर उभा राहून आपल्या रंजकदाणीतली बर्फाची भुकटी फुंकत होता. त्याने लोवेलच्या हातातल्या बंदुकीकडे एकदाच पाहिलं.

"स्पेनची," तो म्हणाला. "शहात्तर, फार तर सत्त्याहत्तर. तुझ्या आधीच्या बंदुकीची सख्खी बहीण."

लोवेलच्या हातातला गज अर्ध्यातच थांबला. त्याने आजूबाजूला पाहिलं. मर्ल निशाण लावायला गेला होता. "तुला माहीत होतं?"

"बंदूक हातात घेतल्याबरोबर. मोहरीचा वास येत होता."

"मग इसाक हुंसिकर?"

"असेल की कुणीतरी. नाव आपल्याकडचंच आहे." गेलनने चकमकीचा स्क्रू घट्ट केला. "समितीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं रे. डिसेंबरपर्यंत काही आलं नसतं तर परगण्याने समितीची खोली कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या खात्याला दिली असती. बावीस वर्षं मी ती खोली झाडतोय."

"मग मी भर बैठकीत ओरडून सांगत होतो, तेव्हा तू का नाही बोललास?"

"आणि मी तपासणीच्या मेजापाशी तुझा हात धरला होता, तेव्हा तू का नाही बोललास?"

निशाण लावून मर्ल बाजूला झाला आणि त्याने हात हलवला. लोवेलने गोळी तळापर्यंत ठासली, रंजकदाणीत चिमूटभर दारू घातली, नेम धरला, चाप ओढला. चकमकीने ठिणगी टाकली, रंजक भुस्सकन उडाली, आणि बार झालाच नाही.

इतिहास समितीची खोली मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते दोन उघडी असते. पहिल्या वर्षात हुंसिकरची बंदूक बघायला सदतीस माणसं आली. त्यातली एकतीस रस्त्यात बंद पडलेल्या शाळाबसमधली होती.