प्लेगच्या दिवसांत मी धावलो

अख्खी नवी मुंबई नाकाला रुमाल बांधून फिरत होती, तेव्हा दिघ्यात उघड्या नाकानं फिरणारा मी एकटा होतो! चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. सुरतेत प्लेग, आमच्या बीडकडे प्लेग, आणि औषधांच्या दुकानांतल्या गोळ्या सकाळी दहालाच संपलेल्या. मी बायकोला ठणकावून सांगितलं, "दीक्षा, गोळ्या दुबळ्यांनी खायच्या! व्यायामानं प्रतिकारशक्ती वाढते. पेपरात आलंय."

"अहो, तुमी याआधी पळालात ते कुत्रं मागं लागलं म्हणून!"

खरं सांगतो, मी आतून पार टरकलो होतो. साधी शिंक आली तरी घाम फुटायचा. पण बायकोला कसं दाखवणार? नवे कॅनव्हासचे बूट आणले आणि रोज पहाटे दिघ्यापासून रबाळ्याला, थेट आमच्या कारखान्याच्या गेटपर्यंत धावत जायला लागलो. पहिल्याच दिवशी टाच सोलली. म्हटलं, असल्या किरकोळ गोष्टींकडे पैलवान बघत नसतात!

चौथ्या दिवशी स्टोअरमध्ये खोकी उतरवताना जांघेत कळ आली. चाचपून पाहिलं. गाठ! लिंबाएवढी! अंगही तापलेलं. पेपरात छापलेली सगळी लक्षणं माझ्यात हजर!

"युसुफभाई," मी आमच्या स्टोअरकीपरला हळूच म्हटलं, "जांघेत गाठ आलीय."

"साधी असेल रे, टेन्शन नको घेऊ," म्हणत ते तीन पावलं मागं सरकले. मग आणखी तीन. मग दारापलीकडून ओरडले, "भगवान, तू घरी जा! आणि जाताना कशाला हात लावू नको!"

पाच मिनिटांत अख्खं खातं रिकामं! गेटवरच्या मानसिंगनं मला लांबूनच पाहिलं, गेट सताड उघडलं आणि केबिनमध्ये शिरून आतून कडी लावली. बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं माझ्यासाठी एवढ्या तत्परतेनं गेट कधी उघडलं नव्हतं.

घरी आलो आणि बाहेर पायरीवरच बसलो. "दीक्षा, पोरीला घेऊन आतच थांब! मला गाठ आलीय!"

आतून तिचं रडणं आणि शेजारच्या तीन दारांच्या कड्या एकदमच ऐकू आल्या. चार वर्षांची लेक खिडकीतून हात हलवत होती. मरणाची भीती होतीच, पण आता हिला पुन्हा उचलून घेता येणार नाही, या विचारानं मला हुंदका आवरेना.

तेवढ्यात बीडहून आलेली माझी आई तरातरा बाहेर आली.

"आई, जवळ येऊ नको!"

"गप ऱ्हा!" तिनं माझा बूट ओढून काढला. टाच पुवानं टरारली होती. "आरं येड्या, पायाला जखम झाली की जांघंत अवधाण येतंच! ल्हानपणी काटा मोडला तवा न्हवतं का आलं?"

माझा विश्वास बसेना. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टाच पाहिली, गाठ दाबली आणि हसू दाबलं.

"प्लेग नाही हो! टाच पिकलीय. एकदम एवढं धावायचं नसतं, शरीर उलट थकतं. जखम बरी झाली की रोज अर्धा तास चाला. त्यानं प्रतिकारशक्ती चांगली राहते."

"आणि ही गाठ?"

"जखमेतले जंतू वर चढू नयेत म्हणून शरीरानं त्यांना तिथं अडवून धरलंय. हीच की तुमची प्रतिकारशक्ती!"

म्हणजे जिच्यासाठी मी चार दिवस ऊर फुटेस्तोवर धावलो, ती बिचारी मदतीला आली, तर तिलाच बघून मी अर्धा मेलो होतो!