जयतीर्थ मास्तरांची लाळ

"रात्री अकराला नळीत थुंकायचं. आधी अर्धा तास काही खायचं नाही. नळी फ्रिजमध्ये ठेवायची. दोन रात्री असं करून दोन्ही नळ्या आणून द्या," हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं.

धारवाडच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या जयतीर्थ मास्तरांचा चेहरा चार महिन्यांत भाकरीसारखा गोल झाला होता. बीपीही चढलं होतं. अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस जास्त होतोय का, ते लाळेवरून कळणार होतं. तसं निघालं तर गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाणार होती. पण मास्तरांना त्याहून जास्त भीती घरच्या फ्रिजची होती.

फ्रिजवर श्यामलाबाईंची सत्ता होती. त्यात नैवेद्याचं दूध असे, आणि उष्ट्या हातानं त्याचं दार उघडलेलंही त्यांना खपत नसे. तिथं नवऱ्याची थुंकी कशी ठेवणार? मास्तरांनी बायकोला आजारच सांगितला नाही. दोन्ही रात्री न्हाणीघरात चोरून थुंकले, नळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. वर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लाळ. जयतीर्थ कुलकर्णी, वय ५३.'

दुसरी नळी ठेवली नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी होती. विज्ञानाच्या मथुराबाई लाळेनं पिष्टाचं पचन कसं होतं ते दाखवणार होत्या. साहेबांसमोर थुंकायला एकही मूल तयार होईना. "कुणीतरी लाळ आणून ठेवा हो," असं त्यांनी आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना विनवलं होतं. मास्तर तेव्हा वर्गावर होते. फ्रिज उघडून मथुराबाईंनी नाव वाचलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

प्रयोग झकास झाला. आयोडीनचा निळा रंग बघता बघता गेला. साहेब खूश झाले.

"भारी आयतु! इन्नोम्मे माडरी!" मस्त झालं, पुन्हा एकदा करा, म्हणाले. दुसरी नळीही गेली.

"यारदु इदु?" कुणाची ही लाळ, साहेबांनी विचारलं.

"आमच्या जयतीर्थ सरांची! विषय इतिहास, पण विज्ञानासाठी दोन दोन नळ्या आणल्या की हो!"

मास्तरांना वर्गात बोलावलं गेलं. टेबलावर त्यांच्याच नावाच्या दोन्ही नळ्या रिकाम्या पडल्या होत्या. खरं सांगावं तर मथुराबाईंची तपासणी बुडणार, आणि चाळीस मुलांसमोर आपला आजार चव्हाट्यावर येणार. साहेबांनी गुलाब दिला. मास्तरांनी तो घेतला. टाळ्या वाजत होत्या आणि मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

संध्याकाळी श्यामलाबाई दारातच उभ्या होत्या.

"मथुराबाईंचा फोन आलता. तुमच्या लाळेबद्दल अभिनंदन केलं माझं."

मास्तरांनी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं.

"तुमचं तोंड सुजतंय ते मला दिसत नाही काय? रोज थोडं थोडं मीठ कमी करत आणलंय मी भाजीतलं. विचारलं की म्हणायचं, 'वय झालं.' घाबरून मी एकटीच बसायची काय?"

"तुझा फ्रिज..."

"जळो तो फ्रिज! मी काय राक्षसीण आहे काय हो?"

मास्तरांना वर्गातल्यापेक्षा जास्त लाज वाटली. ते बायकोचं सोवळं सांभाळत होते, आणि बायको त्यांचं मीठ. खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांना फोन करून त्यांनी नव्या नळ्या मागून आणल्या. त्या रात्री अकराला बाई घड्याळ घेऊन समोर बसल्या. "थुंका."

मास्तरांचं तोंड शरमेनं कोरडं पडलं होतं. पाच मिनिटं झाली, एक थेंब येईना. बाई उठल्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली आणि झाकण उघडून त्यांच्या नाकापुढे धरली.

"खायचं नाही. नुसता वास घ्या."

बायकोकडे बघायचा धीर नव्हता म्हणून मास्तर लोणच्याकडे बघत राहिले. नळी काठोकाठ भरली.

"उद्या पण द्यायची ना?" बाई म्हणाल्या. "मग बरणी इथंच राहू दे."