डॅडींच्या दुनळीला मानवणारं काडतूस

हार्लन पिट्स हा माणूस पटकन निर्णय घेणाऱ्यांतला नव्हे. बूट घ्यायला गेला तर दुकानदार घरी जाऊन जेवून येतो, तरी हा एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी घालून आरशासमोर उभाच. अशा माणसाने मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी तोंडात घास असताना एक निर्णय पटकन घेऊन टाकला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

"वर्ना," तो बायकोला म्हणाला, "या वर्षीची दाढी मी आणीन. डॅडींच्याच बंदुकीने."

वर्नाने ताटातून मान वर केली. फेब्रुवारीत तिचे वडील गेल्यापासून ती मान अशी फारशी वर होत नसे. घरातलं बोलणं मीठ दे, दिवा घालव, पाऊस आहे, एवढ्यावर आलं होतं. तीस वर्षं जी बाई भांडी घासताना चर्चमधली गाणी म्हणायची, ती आता नुसती भांडी घासायची. हार्लनला ती शांतता सहन होत नव्हती.

दाढी म्हणजे टर्कीच्या नराच्या छातीवर लोंबणारा केसांचा झुपका. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात वसंतात शिकार झाली की लोक मांस खातात आणि दाढी मिरवतात. वर्नाच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर अक्रोडाची एक लांब फळी होती. फळीवर बेचाळीस खिळे, त्यांतल्या एक्केचाळीस खिळ्यांवर दाढ्या, आणि प्रत्येकीखाली डॅडींच्या अक्षरातली चिठ्ठी: साल, वजन, किती पावलांवरून. हंगाम संपला की पुढच्या वर्षाचा खिळा ते त्याच दिवशी ठोकून ठेवत. बेचाळिसावा त्यांनी गेल्या मे महिन्यात ठोकला होता. तो तसाच रिकामा होता.

"तू आणणार?" वर्ना म्हणाली.

"मी."

"सव्वीस वर्षं त्यांच्याबरोबर जात होतास की."

"तेव्हा बंदूक माझी होती. बंदुकीतच खोट होती."

(खरं काय ते सांगून टाकतो. सव्वीस वर्षांत हार्लनने टर्कीवर एकोणीस वेळा बार टाकला, आणि एकोणीसही टर्की सुखरूप आपापल्या घरी गेले. दर वेळी म्हातारा जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "पोरा, आवाज मात्र झकास काढलास.")

वर्नाने त्या फळीकडे बघितलं. "आण मग," ती म्हणाली. "तो रिकामा खिळा माझ्याच्याने बघवत नाही."

झालं. आता माघार नव्हती.

कपाटात दुनळी होती, तेल लावून पुसलेली, हार्लनपेक्षा वयाने मोठी. काडतुसं मात्र नव्हती. शेवटची दोन म्हाताऱ्याने गेल्या वसंतात उडवली होती. ती कुठली, कुठून मागवत, हे विचारायचं हार्लनला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. तेव्हा तो गेला मेहुण्याकडे. वर्नाचा भाऊ लायल गावातल्या चारा-बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं.

"दाजी, ही घ्या," लायलने एक लालभडक पेटी पुढे सरकवली. "तीन इंची मॅग्नम, जास्त दारूची. पन्नास पावलांवरचा नर जागच्या जागी बसेल."

"अरे, पण त्या जुन्या बंदुकीत ही बसतात का?"

"घालून बघा. बसली तर बसली!"

घरी येऊन हार्लनने घालून बघितली, तर अगदी अलगद बसली. त्याने दुनळी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. दुसरा कोणी असता तर तिथेच अंगणात जाऊन बार काढता. पण हार्लनला इतक्या सहज जमलेल्या गोष्टीची भीती वाटते. तो बंदूक घेऊन ओढ्यापलीकडच्या एमेट क्रॉसकडे गेला. हा म्हातारा साठ वर्षं बंदुका दुरुस्त करतोय आणि तेवढीच वर्षं लोकांवर खेकसतोय.

एमेटने नळीत मापाची कांडी घातली, चष्मा कपाळावर नेला आणि तीन इंची काडतूस दोन बोटांत धरलं.

"हे कोणी दिलं?"

"लायलने. पण काका, बसतं ते. मी बघितलं."

"शवपेटीतही माणूस बसतो," एमेट म्हणाला. "काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं रे. बार झाला की ते उलगडतं, लांब होतं. तुझ्या बंदुकीत काडतुसाला जागा किती, तर अडीच इंचांहून जेमतेम जास्त. उलगडायला वाव नाही. मग तो सगळा दाब जाणार कुठे?"

"कुठे?"

"नळी कुठल्या हाताने धरतोस?"

हार्लनने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. लग्नाची अंगठी त्याच हातात होती.

"मग टंगस्टनची घेऊ का? नाहीतर पोलादी छर्र्याची?"

"घे की. आणि मग ही बंदूक पडद्याच्या दांडीला वापर. जुनी नळी आहे, मऊ आहे, तोंडाशी आवळलेली आहे. कडक छर्रा तिला ओरबाडून काढेल. तुला पाहिजे आखूड काडतूस, बार हलका, छर्रा शिशाचा नाहीतर बिस्मथचा. मी मागवतो. आणि काडतूस आलं की थेट रानात पळू नकोस. आधी चाळीस पावलांवरून कागदावर मारायचं, दोन्ही नळ्या. किती छर्रे कुठे पडतात ते मोजायचं. तुझा सासरा दर वर्षी मोजायचा."

"यायला किती दिवस लागतील?"

"पाच-सहा आठवडे."

"अहो काका, तोवर हंगाम संपत येईल!"

"मग हंगामाला सांग थांबायला."

हंगाम काही थांबला नाही. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी तो सुरू झाला, डोंगरभर नरांच्या आरोळ्या उठल्या, आणि हार्लन टपालपेटीपाशी जाऊन येऊ लागला. रोज संध्याकाळी वर्ना विचारायची, "आली?" तो म्हणायचा, "नाही." घरातल्या बोलण्यात तेवढे दोन शब्द वाढले. लायलने दुसऱ्याच दिवशी मोठा नर पाडला आणि तो दाखवायला मुद्दाम वाट वाकडी करून आला.

"ताई, माझीच दाढी लावू का त्या खिळ्यावर? दाजींचं काही खरं दिसत नाही."

"डॅडींच्या बंदुकीने मारलीस का?"

"नाही, पण..."

"मग घरी ने," वर्ना म्हणाली आणि दार लावून घेतलं. लागलेल्या दाराकडे बघत हार्लन उभा राहिला. म्हणजे ही बाई अजून आपल्यावर आशा ठेवून आहे, हे त्याला तेव्हा कळलं, आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

पेटी आली ती शेवटच्या शुक्रवारी. दहा आखूड काडतुसं. रविवारी दुपारी एकला हंगाम संपणार होता. वर्ना चर्चच्या बायकांकडे गेली होती. हार्लनने मटण गुंडाळायच्या पांढऱ्या कागदाचं भेंडोळं घेतलं, त्यावर कोळशाने टर्कीचं डोकं काढलं (ते बरंचसं लायलसारखं आलं) आणि कागद लावायला काहीतरी शोधू लागला. वारा असा होता की फळकुट उभं राहीना. शेवटी कोठाराच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवलेलं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. त्यावर पीचच्या डब्यांचं चित्र होतं, चारी बाजूंनी चिकटपट्टी होती आणि चांगलं वजन होतं. वाऱ्याने ते हललंसुद्धा नसतं. (पीचच्या खोक्यात नसतील पीच तर आहे काय, हा प्रश्न एखाद्याला पडला असता.)

मक्याच्या पोत्यावर दुनळी टेकवून, चाळीस पावलांवरून त्याने उजव्या नळीचा बार काढला. मग डावीचा. जाऊन बघतो तर काय! टर्कीच्या डोक्याची चाळणी. वीतभर वर्तुळात त्रेपन्न भोकं. आयुष्यात हार्लनने नेम धरलेल्या जागी कधी एवढं काही लागलं नव्हतं. प्रत्येक नळीचा एकेक बार पुरेसा होता, पण त्याने नवा कागद लावला. मग आणखी एक. मग आणखी एक. आठ काडतुसं संपली तेव्हा तो एकटाच हसत होता.

रात्री मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ खाताना त्याच्या तोंडाला खळ नव्हती. "त्रेपन्न, वर्ना! दुसऱ्या कागदावर तर छप्पन!"

"डॅडी असेच मोजायचे," वर्ना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "मी लहान होते तेव्हा कागद मी धरून ठेवायचे, आणि ते पेन्सिलीने एकेका भोकावर खूण करत मोजायचे. रविवारी आणशील तू, हार्लन. मला वाटतंय आणशील." तिने आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात टाकली. "कागद कशावर लावलास पण?"

"कोठारात ते पीचचं खोकं आहे ना, त्यावर. काय दणकट खोकं आहे गं! आठ बार खाल्ले, जागचं हललं नाही."

वर्नाने चमचा खाली ठेवला. ती उठली, कंदील घेतला आणि कोठाराकडे निघाली. हार्लन तोंड पुसत मागोमाग गेला.

खोकं तिने उलटं फिरवलं. जी बाजू भिंतीकडे होती तिच्यावर वर्नाच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डॅडींचे शर्ट. गोधडीसाठी. हात लावू नये.

एकोणीस फ्लॅनेलचे शर्ट होते. त्यांना अजून म्हाताऱ्याच्या तंबाखूचा वास येत होता, म्हणून तिला ते घरात ठेववत नव्हते. तिने वरचा लाल चौकड्यांचा उचलला आणि झटकला. घडी घातलेला शर्ट. एक छर्रा चार जागी आरपार गेलेला. भोकं अशी ओळीने, नक्षी काढल्यासारखी पडली होती.

"हा त्यांचा ख्रिसमसचा," ती म्हणाली. दुसरा उलगडला. "हा मासे धरायला जातानाचा." तिसऱ्याच्या खिशावरच छप्पन भोकं होती. "हा दवाखान्यात नेला तेव्हाचा."

काहीतरी बोलायला हवं असं हार्लनला वाटलं. "रफू करून घेता येईल," तो म्हणाला.

वर्ना खाली भुईवरच बसली आणि रडायला लागली. मयताच्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. हार्लन कंदील धरून उभा राहिला. आपण लायलची तीन इंचीच वापरायला हवी होती, असं त्याला मनापासून वाटलं.

शनिवार असाच गेला. वर्नाने शिलाईचं यंत्र स्वयंपाकघरात आणलं, शर्ट टेबलावर रचले आणि दिवसभर त्यांच्या शिवणी उसवत बसली. रविवारी उजाडायच्या आत हार्लन उरलेली दोन काडतुसं खिशात टाकून डोंगरावर गेला. ओकच्या बुंध्याला पाठ लावून त्याने डॅडींची लाकडी डबी घासली. तिच्यातून मादीची हाक निघते. लगेच दरीतून नराची आरोळी आली, मग जवळून, मग अगदी जवळून. आणि तो आला. पिसारा फुललेला, डोकं लालनिळं, दाढी जमिनीला टेकलेली. वीस पावलांवर येऊन उभा राहिला. इतका सज्जन टर्की हार्लनने जन्मात बघितला नव्हता.

त्याने उजवा चाप ओढला. मग डावा.

चाळीस पावलांवर थाळीएवढे पसरणारे छर्रे वीस पावलांवर मुठीएवढ्या जागेतून जातात, हे एमेटने सांगितलं नव्हतं आणि हार्लनने विचारलं नव्हतं. ती मूठ दोन्ही वेळा टर्कीच्या कानाजवळून गेली. टर्की पळालासुद्धा नाही. त्याने हार्लनकडे एकवार बघितलं आणि चालत चालत निघून गेला.

खांद्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं. हार्लन तिथेच बसून राहिला. त्याला म्हाताऱ्याची फार आठवण आली, इतकी की शेवटी त्याने टोपीने डोळे पुसले.

घरी आला तेव्हा वर्ना यंत्रावरच होती.

"आली?"

"नाही."

"दोन्ही उडवलीस?"

"दोन्ही."

"किती पावलांवरून?"

"वीस."

वर्नाने यंत्र थांबवलं. मग तिचे ओठ थरथरले. आता पुन्हा रडणार, म्हणून हार्लनने मान खाली घातली.

"आवाज कसा काढलास?" तिने विचारलं.

"झकास."

आणि ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हार्लन बंदूक हातात धरून दारातच उभा होता. हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. (निर्णयाचं त्याचं असंच.)

हसू ओसरल्यावर तिने कात्री घेतली. ख्रिसमसच्या शर्टातून, भोकं जिथे सगळ्यांत दाट होती तिथून, हाताच्या पंजाएवढा एक तुकडा गोल कापला आणि स्टुलावर चढून बेचाळिसाव्या खिळ्याला अडकवला. मग डॅडींचं पेन शोधून चिठ्ठी लिहिली, ती खाली टाचली आणि गुणगुणत भांडी घासायला गेली.

हार्लनने चष्मा लावला. साल बरोबर होतं. वजनाच्या जागी लिहिलं होतं, "खोक्यासकट अठरा पौंड." पावलांच्या जागी, "चाळीस." आणि खाली एक ओळ जास्तीची होती: "शिकार: डॅडी. हार्लनची ही पहिलीच."